देवाच्या राईचा वाली कोण?

आमच्या समाजात देव कोर्टात जातो, याचे कोणालाही नवल वाटत नाही. देवाच्या नावावर जमीन असते, देवाच्या नावाने पावती फाटते, देव कुळाकडून खंड घेतो, देव फिर्याद लावतो आणि प्रसंगी देवावरही फिर्याद लागते. गाभाऱ्यातील पाषाणमूर्तीला कायद्याने व्यक्तित्व दिले आहे, ही गोष्ट आमच्या महाजनांच्या, सेवेकऱ्यांच्या आणि वकीलमंडळींच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तीत काही आश्चर्य आहे हेच आम्ही विसरून गेलो आहो. परंतु त्याच देवाच्या राईतील वृक्षांना, कुंडातील माशांना किंवा डोंगरावरील वाघाला आपल्या जागी, आपल्या परीने जगत राहण्याचा हक्क आहे आणि तो कायद्याने मानला पाहिजे, असे कोणी म्हटले की सभामंडपात हशा पिकतो. मासा साक्षीला येणार काय? वाघाचे वकीलपत्र कोण घेणार? असे प्रश्न विचारून शहाणी माणसे मोकळी होतात.

हा हशा आम्हांस मान्य नाही. ज्याने मूर्तीचे व्यक्तित्व मानले त्याला असे हसण्याचा अधिकार उरत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुक्या जीवांच्या हक्काचा विचार जगात व आपल्या न्यायालयांतही बराच पुढे गेला आहे. तो अडला आहे तो एकाच ठिकाणी. त्या हक्काला वाली कोण, या प्रश्नापाशी तो अडला आहे. आणि देवाच्या राईपुरते बोलावयाचे तर त्या प्रश्नाचे उत्तर देवस्थानांनीच दिले पाहिजे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम मूर्तीचेच प्रकरण पाहू. १९२५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यातील एक तंटा गेला. घराण्याच्या देवाची सेवा पाळीपाळीने होत असे. आणि आपल्या पाळीत मूर्ती आपल्या घरी नेण्याचा आपणांस अधिकार आहे, असे एका सेवेकऱ्याचे म्हणणे होते. या तंट्याच्या निकालात जे तत्त्व सांगितले गेले ते हिंदू देवस्थानांच्या कायद्याचा आधारस्तंभ ठरले. मूर्ती ही कोणाची जंगम मालमत्ता नव्हे. कायद्याच्या दृष्टीने तिला स्वतंत्र व्यक्तित्व आहे. तिचे स्थान कोठे असावे याविषयी तिच्या इच्छेला मान दिला पाहिजे. आणि सेवेकऱ्यांचाच स्वार्थ जेथे गुंतलेला असेल तेथे मूर्तीची बाजू मांडण्यासाठी निःस्वार्थी असा वादमित्र न्यायालयाने नेमला पाहिजे. ज्याला वाचा नाही त्याच्या वतीने बोलणारा असावा, आणि जो बोलतो तो मालक होऊन बसू नये, हे या निर्णयाचे मर्म आहे.

हे केवळ हिंदूंच्या मूर्तीपुरतेच आहे असेही नाही. २००० साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने श्रीगुरुग्रंथसाहेबाला विधिमान्य व्यक्ती म्हणून स्वीकारले. व्यापारी कंपनीला तर हे व्यक्तित्व कितीतरी आधीपासून आहे. तिला ना देह, ना आत्मा. तरी ती मालमत्ता धारण करते, करार करते, दावे लढवते. म्हणजे खाणीचा पट्टा घेणारी कंपनी ही कायद्याने 'व्यक्ती', त्या खाणीखाली जाणाऱ्या डोंगरावर असलेल्या देवळातील मूर्ती ही 'व्यक्ती', आणि त्या डोंगरावर दोघांच्याही आधीपासून नांदणारा जो जिवंत, श्वास घेणारा, भुकेलेला, पिलांना वाढविणारा प्राणी, तो मात्र 'वस्तू'! या मांडणीत हास्यास्पद काय आहे, ते वाचकांनीच ठरवावे.

येथे विद्वानांचा एक ठरलेला आक्षेप पुढे येतो. हक्क आणि कर्तव्य ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत; प्राण्याला कर्तव्याची जाणीव नाही, म्हणून त्याला हक्कही नाही, असे ते म्हणतात. हा आक्षेप वरवर सयुक्तिक भासतो. परंतु पाळण्यातल्या अर्भकाला कोणते कर्तव्य समजते? बेशुद्ध पडलेल्या रुग्णाला कोणते? तरी त्यांचे हक्क आपण मानतो. किंबहुना ते स्वतः त्यांचे रक्षण करू शकत नाहीत म्हणूनच अधिक कसोशीने मानतो. आणि देवाचे काय? देवाने कोणते कर्तव्य पार पाडले नाही म्हणून त्याची जमीन काढून घ्यावी, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय? कर्तव्य मूर्तीचे नसते, ते सेवेकऱ्याचे असते. राईच्या बाबतीतही ते राईचे असणार नाही. ते आमचे असेल.

आता एका लहानशा जीवाकडे वळू. सह्याद्रीच्या माथ्यावर, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथे, गुहेतून येणाऱ्या पाण्यापासून हिरण्यकेशी नदीचा उगम होतो. तेथे महादेव-पार्वतीचे स्थान आहे, कुंड आहे. हीच नदी पुढे आजरा, गडहिंग्लज करीत संकेश्वराजवळून बेळगाव जिल्ह्यात शिरते आणि घटप्रभेला मिळते. सीमाभागातील आमच्या वाचकांपैकी अनेकांनी तिचे पाणी प्यायलेले असेल. या उगमाच्या कुंडात बोटभर लांबीचाही नसेल असा एक मासा राहतो. शतकानुशतके भाविकांनी तेथे स्नाने केली, तीर्थ घेतले. पण या माशाची निराळी जात म्हणून शास्त्रात नोंद झाली ती २०२० साली, आणि तिला नदीचेच नाव मिळाले : शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, महाराष्ट्र शासनाने तेथील २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले. २००२ च्या जैवविविधता अधिनियमातील ३७ व्या कलमाने राज्यांना हा अधिकार दिलेला आहे.

शासनाने हे केले, त्याबद्दल त्याचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु शब्दांकडे नीट लक्ष द्या. 'वारसा' कोणाचा? आमचा! मासा आमच्या वारशातील एक चीज आहे, म्हणून तो राखावयाचा. उद्या आम्हांला हा वारसा नकोसा झाला, किंवा त्याहून मोलाचे काही त्या जागी करावयाचे ठरले, तर ज्या लेखणीने घोषणा केली त्याच लेखणीने ती फिरविता येईल. आणि त्या वेळी त्या माशाच्या नावाने उभे राहून हरकत घेण्याचा अधिकार कायद्याने कोणाच्याही हाती स्पष्टपणे दिलेला नाही. कृपा आणि हक्क यांतील भेद तो हाच. कृपा करणारा ती मागे घेऊ शकतो. हक्क मागे घ्यावयाचा तर हक्कदाराचे म्हणणे आधी ऐकावे लागते.

आपल्या राज्यघटनेत १९७६ साली मूलभूत कर्तव्यांचा भाग आला आणि वने, सरोवरे, नद्या, वन्यजीव यांचे रक्षण करणे व प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरले. भूतदया ही आमच्या धर्माची जुनी शिकवण. ती घटनेत आली याचा आम्हांस अभिमान वाटला. परंतु दया ही दाता ठरवितो तेवढी. दयेने पाणपोई घातली जाते, पण दयेने झऱ्याचा मार्ग अडविणारा बांध फुटत नाही.

न्यायालयांनी या दिशेने काहीच केले नाही असे नव्हे. १५ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गीरच्या सिंहांपैकी काही सिंह मध्य प्रदेशातील कुनो येथे न्यावेत असा आदेश दिला. कारण एखाद्या रोगाची साथ आली तर एकाच ठिकाणी असलेली ही जात समूळ नष्ट होण्याचा संभव होता. मनुष्याचे हित केंद्रस्थानी न धरता त्या जातीचे हित कशात आहे हे पाहिले पाहिजे, असा दंडक त्या निकालाने घालून दिला. आदेशाच्या पालनाला मुदत होती सहा महिन्यांची. पुढे काय झाले? २०२२ च्या सप्टेंबरात त्याच कुनोत नामिबियाहून चित्ते आले. गीरचे सिंह मात्र आले नाहीत. एका राज्याला आपला गौरव दुसऱ्या राज्याशी वाटून घ्यावयाचा नव्हता, आणि सिंहांच्या वतीने दर महिन्याला न्यायालयाचे दार ठोठावणारा नेमलेला पालक कोणी नव्हता. तत्त्व जिंकले आणि सिंह हरले!

७ मे २०१४ रोजी जलिकट्टूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांच्या जीविताला व प्रतिष्ठेला घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाची छाया दिली. नऊ वर्षांनी, १८ मे २०२३ रोजी, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या राज्यांनी केलेल्या दुरुस्त्या वैध ठरविल्या आणि प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत असे मानण्यास आधार नाही, असे सांगितले. एका पीठाने दिलेली छाया दुसऱ्या पीठाने आखडून घेतली. यात न्यायमूर्तींना दोष देण्याचे कारण नाही. विधिमंडळाने स्पष्ट शब्दांत न दिलेला हक्क न्यायालयाच्या औदार्यावर किती दिवस टिकणार?

उत्तराखंडाची गोष्ट याहूनही बोधप्रद आहे. २० मार्च २०१७ रोजी तेथील उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना या नद्यांना विधिमान्य व्यक्ती ठरविले. देशभर आनंद झाला. आमच्या मंडळींनी तर गंगामाईला न्याय मिळाला म्हणून पेढे वाटावयाचेच बाकी ठेवले. पण त्या निकालाने नद्यांचे पालक म्हणून कोणाची नेमणूक केली? राज्याचा मुख्य सचिव, महाधिवक्ता आणि गंगेच्या शुद्धीकरणाच्या सरकारी योजनेचा संचालक! ज्या शासनाच्या हातून नदीची हेळसांड झाली त्याच्याच पदरात तिला घातले. तेच शासन मग सर्वोच्च न्यायालयात गेले आणि विचारू लागले की, उद्या नदीला पूर येऊन माणसे बुडाली तर नुकसानभरपाई पालक म्हणून आम्ही द्यावयाची काय? ७ जुलै २०१७ रोजी निकालाला स्थगिती मिळाली. ज्याचा स्वार्थ गुंतला आहे त्याला वादमित्र नेमू नये, हे १९२५ चे साधे तत्त्व येथे विसरले गेले, त्याचे हे फळ.

याउलट ज्या देशांनी वालीचा प्रश्न आधी सोडविला तेथे काम झाले. न्यूझीलंडने २०१७ साली व्हांगानुई नदीला कायद्याने व्यक्तित्व दिले, ते तेथील माओरी लोकांच्या दीर्घ लढ्यानंतर. आणि नदीच्या वतीने बोलण्यासाठी दोन पालक नेमण्याची तरतूद केली, एक शासनाने सुचविलेला आणि एक नदीकाठच्या माओरी कुळांनी सुचविलेला. दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोरने तर २००८ सालच्या आपल्या राज्यघटनेतच निसर्गाला, म्हणजे त्यांच्या भाषेत 'पाचामामा' या धरणीमातेला, हक्क दिले आणि त्यांच्या रक्षणासाठी कोणाही व्यक्तीने वा समूहाने दाद मागावी असे लिहून ठेवले. त्या शब्दांचे सामर्थ्य १० नोव्हेंबर २०२१ रोजी दिसले. लोस सेद्रोस नावाच्या मेघवनात खाणीच्या शोधाला परवानगी मिळाली होती. तेथील घटना-न्यायालयाने ती रद्द केली, कारण त्या वनात नांदणाऱ्या दुर्मिळ जातींच्या अस्तित्वाच्या हक्काला तिने बाध येत होता. परवानगी घेणाऱ्यांत खुद्द सरकारी खाणकंपनी होती, हे ध्यानी घेण्यासारखे आहे.

आता घराकडे येऊ. कित्येक धर्मनिष्ठ वाचक म्हणतील : हे सर्व आम्हांला नवीन नाही. आमच्या पूर्वजांनी देवराया राखल्या, वाघाला 'वाघ्रो' म्हणून पुजले, वारुळाला नमस्कार केला. पाश्चात्यांनी आता आम्हांला शिकवावे आणि त्यासाठी कायदा करावा, याची गरज काय?

पूर्वजांनी राखल्या, हे अगदी खरे आहे. सत्तरीतील बांबर येथे निरंकाराची राय आहे. रानजायफळांची दलदल तेथे देवाच्या धाकाने शिल्लक राहिली. चिखलात श्वास कोंडू नये म्हणून त्या झाडांची मुळे गुडघ्यांसारखी वर येतात. असली दलदल पश्चिम घाटात आता तुरळक उरली आहे. सीमेपलीकडे दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे गावी भालांडेश्वराच्या राईतही तशीच दलदल आढळली आणि २०२१ मध्ये ती वारसास्थळ झाली. या राया वनखात्याने लावल्या नाहीत. वाळलेली काटकी उचलावयाची तरी देवाची आज्ञा हवी, असे मानणाऱ्या अडाणी म्हणविल्या गेलेल्या ग्रामस्थांनी त्या राखल्या.

परंतु तो धाक आज कोठे आहे? आणि तो कोणी घालविला? परक्या सत्तेने नव्हे, खाणवाल्याने एकट्याने नव्हे. देवळाचा जीर्णोद्धार निघाला की पहिली कुऱ्हाड राईवर पडते. सभामंडपाला फरशी हवी, लग्नकार्यासाठी सभागृह हवे, जत्रेला मोटारी उभ्या करावयास सपाट जागा हवी, कुंडाला चारी बाजूंनी सिमेंटचा गिलावा हवा. पूर्वी झाड तोडण्याआधी देवाला पाकळ्या लावून कौल घेत. आता कंत्राटदाराचे अंदाजपत्रक हाच कौल झाला आहे. ज्या कुंडाच्या दगडांच्या फटींत मासे अंडी घालीत, बेडूक लपत, झर पाझरत असे, त्याची गुळगुळीत टाकी करून आम्ही तीत निर्माल्य सोडतो आणि तिला तीर्थ म्हणतो. वर चवथीला माटोळीत बांधावयास रानातली फळे पूर्वीसारखी मिळत नाहीत म्हणून हळहळतोही! रान राखले नाही, तर माटोळी बाजारातून आणावी लागणार, यात आश्चर्य कसले?

धाक गेला तेथे कायदा आलाच पाहिजे. श्रद्धेने जे केले जात होते ते श्रद्धा उरली नाही म्हणून सोडून द्यावयाचे, असे कोणताही समाज आपल्या इतर व्यवहारांत म्हणत नाही. देवाच्या दागिन्यांची यादी, कुलुपे आणि हिशेब आपण ठेवतोच ना? 'आमचा देव जागृत आहे, दागिन्यांना तो सांभाळील' असे म्हणून गाभारा उघडा टाकणारा सेवेकरी कोणाला पसंत पडेल?

दुसरी भीती अशी घातली जाते की, कायद्याने वन्य जीवांना हक्क दिले तर आमच्या रूढी, आमची वाद्ये, आमचे उत्सव यांवर गदा येईल. याचे उत्तर आमच्या आरतीतच आहे. घुमट हे गोव्याच्या देवळांचे प्राणवाद्य. त्याच्या मातीच्या तोंडावर परंपरेने घोरपडीचे कातडे मढवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय दिले आणि ते कातडे निषिद्ध झाले. घुमट संपले काय? कारागीर बकऱ्याच्या कातड्याकडे वळले, हात नव्या कातड्याला सरावले, आणि २०१९ साली गोवा शासनाने घुमटाला राज्याच्या वारसावाद्याचा मान दिला. आरती चालू राहिली. जी रूढी एका प्राण्याचा प्राण वाचविल्याने मोडते ती मुळातच कच्ची; आमची आरती तशी कच्ची नव्हती.

तिसरा आक्षेप मात्र हसून वा फटकारून उडविता येणार नाही. तो डोंगरावरच्या गरीब माणसाचा आहे. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतील गोळावलीच्या रानात, म्हादई अभयारण्याच्या परिसरात, एका वाघिणीसह चार वाघ विषबाधेने मेलेले आढळले. गोठ्यातले जनावर वाघाने मारले की ज्याचे वर्षाचे पोट बुडते, त्याला शहरात बसून वाघाच्या हक्काचे पुराण सांगणे हा निर्दयपणा होईल. २४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई व लगतच्या संरक्षित वनांचे व्याघ्रक्षेत्र तीन महिन्यांत घोषित करण्याचा आदेश दिला, तेव्हा गावोगाव हीच भीती उठली : आम्हांला हुसकावून लावणार काय? राज्य शासनही त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. परंतु त्याच आदेशात वनवासी व इतर वननिवासी यांचे हक्क व दावे निश्चित करण्यास शासनाला बारा महिन्यांची मुदत घालून दिली होती, हे सभांतून क्वचितच सांगितले गेले. वाघाचा हक्क आणि धनगराचा हक्क यांना एकमेकांवर सोडणारे लोक बहुधा तिसऱ्याच कोणाच्या हितासाठी बोलत असतात.

येथेही देवस्थानांचाच अनुभव मार्गदर्शक आहे. देवाच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या कुळे राबली; देव मालक होता म्हणून कुळाचा हक्क शून्य झाला नाही. आणि व्यक्तित्वाला मर्यादा घालावी लागते, हेही न्यायालयाने सांगितलेले आहे. ९ नोव्हेंबर २०१९ च्या अयोध्येच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने श्रीरामललाच्या मूर्तीचे व्यक्तित्व मान्य केले, पण जन्मस्थान म्हणून पुढे आलेल्या भूमीला ते देण्याचे नाकारले. कारण भूमीच व्यक्ती मानली तर तिच्यावरील इतर सर्वांचे दावे ऐकण्यापूर्वीच संपुष्टात येतील. हा इशारा आम्ही मनापासून मानतो. म्हणूनच आमची मागणी कोणाचे घर वा शेत हिरावून घेणारे सर्वंकष स्वामित्व राईला द्यावे अशी नाही. राईला व तीत नांदणाऱ्या जातींना तेथे टिकून राहण्याचा हक्क असावा. त्यांच्या मुळावर येणारे कोणतेही काम करण्यापूर्वी त्यांची बाजू मांडणारा निःस्वार्थी वादमित्र असावा. आणि त्या हक्कामुळे ज्या गरिबाचे नुकसान होईल त्याची भरपाई लांबणीवर न टाकता दारी पोहोचावी, इतकीच ती मागणी आहे. ज्या गोठ्यातली म्हैस वाघाने नेली त्या गोठ्याचे ऋण साऱ्या समाजावर आहे. ते न फेडता वाघाची पूजा करणे हा दंभ होय.

आता महाजन बंधूंना दोन शब्द. गोव्यात पोर्तुगीज अमदानीतील १९३३ च्या नियमावलीप्रमाणे देवस्थानांचा कारभार आजही महाजनांच्या सभांतून चालतो. इतरत्र विश्वस्त मंडळे आहेत. नाव कोणतेही असो, आपले स्थान मालकाचे नाही. देव हा कायमचा अज्ञान बालक आणि आपण त्याचे पालक, ही कायद्याची भूमिका आपण शतकभर मान्य केली आहे. मग देवाच्या नावे असलेल्या मिळकतीत केवळ सातबारा, भाडे आणि सोनेनाणे एवढेच मोजावयाचे काय? त्याची राई, त्याचा झरा, त्या झऱ्यातले जीव हे देवाच्या घरचे कोणीच नव्हेत काय?

करता येण्याजोगे पुष्कळ आहे, आणि त्यासाठी नव्या कायद्याची वाटही पाहावयास नको. जैवविविधता अधिनियमाप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत एक समिती असावयाची असते आणि गावच्या जीवजातींची नोंदवही ठेवावयाची असते. आपल्या राईतील वृक्ष, पक्षी, मासे, बेडूक यांची नोंद तीत होते की नाही, हे देवस्थानाने पाहावे. वारसास्थळ म्हणून राई घोषित व्हावी असा ठराव आपणच करावा. डिचोली तालुक्यातील सुर्ल येथील पूर्वतळीच्या राईला हा मान मिळालेला आहे. वन्यजीव कायद्यात सामुदायिक राखीव क्षेत्राची सोय आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील 'ओरण' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देववनांची, त्यांचा आकार कितीही लहान असो, पाहणी करून ती वन म्हणून अधिसूचित करावी असा आदेश दिला आणि साऱ्या देशातील देववनांसाठी सर्वसमावेशक धोरण आखण्याची शिफारस केंद्राला केली. ज्या राज्यांत आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत तेथे राई नसेल, पण देवळामागचा जुना वड असेल, बारव असेल, तीत कासवे असतील. त्यांनाही हाच न्याय लागू आहे.

आणि याच्याही पुढचे पाऊल म्हणजे कायद्याची मागणी. राईच्या व तीतील जातींच्या अस्तित्वाचा हक्क विधिमंडळाने शब्दांत मांडावा आणि देवस्थान, ग्रामसभा व निसर्गशास्त्र जाणणारा त्रयस्थ यांतून वादमित्र नेमण्याची तरतूद करावी. ही मागणी कारखानदार करणार नाहीत, कंत्राटदार करणार नाहीत, आणि मासे व वाघ तर करूच शकत नाहीत. ती देवस्थानांच्या तोंडून निघाली तर तिला वजन येईल. कारण मुक्याचा हक्क काय असतो आणि तो कसा चालवावा, हे या देशात देवस्थानांइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही.

येत्या वर्षीच्या सभेत जमाखर्च, जत्रेचा खर्च आणि नव्या सभागृहाचे अंदाजपत्रक हे विषय असतीलच. त्यांच्या जोडीला एक विषय अधिक घ्यावा : देवाच्या राईत कोण कोण राहते, आणि आपण त्यांचे पालक आहोत की नाही? जे महाजन या प्रश्नाला 'नाही' म्हणतील त्यांनी ते इतिवृत्तात आपल्या नावासह नोंदवून ठेवावे. पुढच्या पिढीला राई सापडली नाही, तर निदान ती कोणी गमावली ते तरी तिला कळेल.